मशरूमच्या खोलीतली हवा बाहेर कुठून काढायची?

प्रश्न: घणसोलीला सोसायटीत चौथ्या मजल्यावर राहते. १० बाय ८ च्या बेडरूममध्ये धिंगरी मशरूमच्या ४० पिशव्या टांगल्यात. दांडे लांबच लांब येतायत आणि टोपी बटणाएवढी. सकाळी खोलीत गेलं की खोकला सुरू. ओळखीतले एकजण म्हणाले, फॅन लाव आणि फ्लेक्झिबल पाइप बाथरूमच्या मागच्या डक्टमध्ये सोड, बाहेरून कुणाला दिसणारही नाही. पाइप ४ इंची घेऊ की ६ इंची?

उत्तर: ताई, त्या मागच्या डक्टमध्ये अजिबात सोडू नका, बाकीचं नंतर. त्या डक्टमध्ये तुमच्या वरच्या-खालच्या सगळ्या घरांच्या बाथरूमच्या खिडक्या उघडतात, तिथली हवा जागच्या जागी फिरते, आणि धिंगरीचे बीजाणू म्हणजे पिठासारखी बारीक पांढरी पूड, ती कुणाच्या तरी म्हाताऱ्या सासऱ्यांच्या छातीत जाणार. तुमचा खोकलाही बहुतेक त्याचाच असेल, तेव्हा खोलीत जाताना एन-९५ मास्क लावा, आणि डॉक्टरकडे गेलात तर घरात मशरूम लावलेत हे आपणहून सांगा कारण ते विचारणार नाहीत. टोपीची कड वर वळायच्या आत काढणी केली तर पूड बरीच कमी उडते.

लांब दांडे आणि छोटी टोपी म्हणजे खोलीत कार्बन डायऑक्साइड साठलाय. तुमची खोली ९ फूट उंच धरली तर ७२० घनफूट हवा झाली, ती तासाला सहा वेळा बदलायची तर मिनिटाला ७२ घनफूट पुरते. म्हणजे कागदावर ४ इंची चालतो. तरी मी म्हणेन ६ इंची घ्या आणि फॅन स्लो ठेवा. तोंडाचं क्षेत्रफळ दुपटीहून जास्त होतं, तेवढीच हवा न्यायला घर्षण सात पटीच्या आसपास कमी लागतं, आणि रात्री घूं घूं आवाज येत नाही.

आता खरी चूक जिथे होते ते सांगतो. हा पाइप दुकानात चेपलेला मिळतो, भात्यासारखा. माझ्या कळव्याच्या घरी मी पहिल्यांदा लावला तेव्हा लागत होता ६ फूट, पाकिटात आला १० फूट, आणि असू दे, पुढे कामाला येईल म्हणून न कापता तसाच सुरकुतलेला लावला, मध्ये झोळ पडला. जुलैत एका दुपारी त्या झोळातून तपकिरी पाणी टपकायला लागलं, पाइप उतरवला तर आतल्या घड्यांमध्ये काळी बुळबुळीत बुरशी आणि त्यावर पांढरी पूड चिकटलेली, वास तर विचारू नका. खोलीतल्या ओल्या हवेचं पाणी होऊन झोळात साठत होतं. शिवाय चेपलेल्या पाइपच्या प्रत्येक घडीला हवा अडते, दाबाचा तोटा अनेक पटींनी वाढतो आणि आपण फॅनला शिव्या घालत बसतो. म्हणून पूर्ण ताणा, जादा तुकडा कात्रीने कापा, आतली तार पक्कडने तोडा. दर ४-५ फुटांवर रुंद पट्टीने लटकवा, बारीक तारेने बांधलं तर तिथेच चेपतो. उतार बाहेरच्या बाजूला ठेवा. वळण मोठं घ्या, खिडकीपाशी काटकोनात मुरडू नका.

चांदीवाला नुसता फॉइलचा पाइप स्वस्त असतो पण एकदा खिळा लागला की फाटलाच, ओल्या खोलीत पीव्हीसीचा थर असलेला घ्या. जोडाला होज क्लिप आणि वरून अॅल्युमिनियम फॉइल टेप, खाकी टेप महिन्याभरात सुटते. सरळ लांबी जास्त असेल तर प्लंबिंगचा कडक पीव्हीसी पाइपच बरा, फ्लेक्झिबल फक्त दोन टोकांना. पण ४ इंची म्हणून मिळणारा तो पाइप बाहेरून ११० मिमी असतो, ४ इंची फ्लेक्झिबल त्यावर चढत नाही, तेव्हा तुकडा सोबत घेऊन दुकानात जा.

फॅन खिडकीकडच्या टोकाला बसवा, म्हणजे पाइपमध्ये ओढ राहते आणि कुठे फट असली तरी पूड घरात येत नाही. भिंतीला भोक नको, स्लायडिंगची एक काच काढून तिथे अॅक्रिलिक शीट बसवा आणि त्यात गोल कापा, भाड्याच्या घरातही चालतं. बाहेरचं तोंड खाली वळवा, कबुतरांसाठी अर्ध्या इंचाची जाळी लावा. मच्छरजाळी तिथे नको, ती पुडीने थोड्या दिवसांत बुजते. मच्छरजाळी लागते ती हवा आत येते तिथे, समोरच्या भिंतीला, आणि ते तोंड बाहेर जाणाऱ्यापेक्षा मोठं हवं.

प्रश्न: कोलशेतला एसीच्या खोलीत लेट्यूस करतो. २२ डिग्री ठेवतो. एक्झॉस्टचा पाइप बंद बाल्कनीतून जातो, पावसाळ्यात त्याच्या पोटाखालून सतत पाणी गळतं. दोनदा टेप मारली. लीकेज कुठे असेल?

उत्तर: लीकेज नाहीये दादा, फ्रिजमधल्या बाटलीला घाम येतो ना, तेच. आत २२ ची गार हवा, बाहेर ठाण्याचा जुलै. टेप कितीही मारा, थांबणार नाही. ग्लासवूलचं वेष्टण असलेला इन्सुलेटेड पाइप घ्या, आणि दोन्ही टोकांना आतला पाइप वेगळा आणि बाहेरचं आवरण वेगळं, दोन्ही सील करा. बहुतेक मिस्त्री आतलाच क्लिपने आवळतात आणि आवरण तसंच उघडं सोडतात, मग दमट हवा लोकरीत शिरते आणि ती भिजून जड होते. ते काम चालू असताना स्वतः समोर उभे राहा.