‘हेळवी’ म्हणजे सांगणारा की पांगळा?

निपाणीकडच्या एका वाचकांना घराण्याची वंशावळ जुळवताना आजोबांच्या टिपणात ‘हेळव्याच्या वहीप्रमाणे’ असे शब्द आढळले. कन्नडमध्ये ‘हेळु’ म्हणजे सांगणे, तेव्हा हेळवी म्हणजे ‘सांगणारा’ असेच ना, असा त्यांचा प्रश्न आहे.

चिकोडी, हुक्केरी, अथणी या भागांत ही व्युत्पत्ती सर्रास सांगितली जाते आणि ती पटतेही, कारण हेळव्याचे कामच मुळी सांगण्याचे असते: तो बैल घेऊन परंपरेने ठरलेल्या घरांपुढे येतो, मूळ गाव, कुलदैवत आणि पिढ्यांची नावे म्हणून दाखवतो, नव्याने जन्मलेल्यांची नोंद वहीत करून घेतो आणि धान्य किंवा दक्षिणा घेऊन पुढे जातो. तरीही शब्दाचे मूळ तिथे नसावे, असे माझे मत आहे.

कन्नडमध्ये ऱ्हस्व ‘ए’ आणि दीर्घ ‘ए’ असे दोन वेगळे स्वर आहेत. तळ्याला म्हणतात त्या ‘केरे’तला पहिला स्वर ऱ्हस्व, तर गल्लीला म्हणतात त्या ‘केरी’तला दीर्घ, मराठी लेखनात मात्र दोन्हींसाठी एकच मात्रा आहे. सांगणे या अर्थाच्या ‘हेळु’मध्ये स्वर दीर्घ आहे, पण या समाजाचे कन्नड नाव ‘हेळव’ ऱ्हस्व स्वराने लिहितात आणि त्या शब्दाचा कोशातला अर्थ लंगडा, पांगळा असा आहे. देवनागरीत आल्यावर हा भेद पुसला गेला आणि दोन निराळे शब्द एकाच घरचे दिसू लागले. बैलावर बसून फिरण्याच्या त्यांच्या रीतीशी पांगळेपणाचा अर्थ जुळतो. भिक्षेकऱ्यांच्या नावात असा अर्थ येणे आपल्यालाही नवे नाही, कारण पहाटे दान मागत येणारे आपल्याकडचे ‘पांगुळ’ त्याच अर्थाचे नाव मिरवतात आणि सूर्याचा पांगळा सारथी अरुण याच्याशी आपले नाते सांगतात. (‘हेळसांड’शी मात्र या शब्दाचा काहीही संबंध नाही, ती संस्कृत ‘हेला’पासून आली आहे.)

मराठीने ‘हेळव’ला ‘माळी’, ‘तेली’ यांच्या वळणाने ईकार जोडला असावा. म्हणून माळ्याने, तेल्याचा याप्रमाणेच हेळव्याने, हेळव्याचा ही रूपे होतात. आजोबांचे ‘हेळव्याच्या’ शुद्धच आहे.

टिपणाची नक्कल करताना या शब्दाच्या जागी ‘भाट’ किंवा ‘तीर्थोपाध्याय’ घालू नये. तीर्थोपाध्यायाच्या वहीत यजमान क्षेत्री गेला तेव्हाची नोंद असते, तर हेळवी स्वतः दारी येऊन नोंद करतो. त्यामुळे आजोबांनी दिलेली नावे कोणत्या वहीत शोधायची, हे त्या एका शब्दावरूनच कळते. ती वही कन्नड लिपीत असण्याची शक्यता धरून सोबत कन्नड वाचणारे कोणी न्यावे.