चिलेशन म्हणजे नांगीची पकड

डिचोलीच्या एका शिक्षिकेने विचारले आहे : ‘कायटोसान हा साखळीसारखा रेणू, त्यात केलेले बदल, धातूंचे आयन (विद्युतभार असलेले अणू) आणि औष्णिक स्थैर्य या विषयावर मुलांशी मराठीत बोलायचे आहे. चिलेशनला, म्हणजे रेणूने धातूचा आयन पकडण्याला, धातुबंधन म्हटले तर चालेल का?’

माझ्या मते नको. धातूचे अणू एकमेकांना ज्याने धरून असतात त्याला आपण धात्विक बंध म्हणतोच, मुलांचा तिथेच घोटाळा होईल. शिवाय मूळ शब्दातले चित्र हातचे जाईल. मॉर्गन आणि ड्रू या रसायनशास्त्रज्ञांनी १९२० साली हा शब्द घडवला तो ग्रीक ‘खेली’वरून, म्हणजे खेकड्याची नांगी. गोव्यातल्या मुलांना याहून जवळचे काय असणार? बाजारातून आणलेल्या कुर्लीची नांगी त्यांना नीट बघायला सांगा. तिला दोन पाती असतात, एक स्थिर, एक हलणारे. एकट्या पात्याला काही धरता येत नाही.

रसायनातही तसेच. एकाच रेणूतले निदान दोन अणू धातूच्या आयनाला दोन ठिकाणी धरतात आणि अणूंचे बंद कडे (वलय) पुरे होते, तेव्हाच ते चिलेशन. एकाच अणूने धरले तर ती साधी जोडणी.

आणि कायटोसान येते कुठून? त्याच कुर्लीच्या नि सुंगटांच्या (कोळंबीच्या) कवचातून! कवचाचा तुकडा रात्रभर विनेगरमध्ये ठेवा. बुडबुडे येतात, चुना विरघळतो, सकाळी हाताला लवचीक पापुद्रा लागतो. त्यात कायटिन, म्हणजे कायटोसानचा कच्चा माल, असते, सोबत प्रथिनेही. प्रथिने काढून ते तीव्र, गरम अल्कलीत शिजवले की कायटोसान मिळते. त्याच्या साखळीवर अमिनो गट मोकळे होतात, आणि त्यांतल्या नायट्रोजनकडची इलेक्ट्रॉनांची जोडी तांब्याच्या आयनाला धरते.

पण हा नायट्रोजन एकटाच धरत असेल तर ते एकच पाते झाले. म्हणून कायटोसानमध्ये बदल करतात. सॅलिसिलाल्डिहाइड नावाच्या सेंद्रिय पदार्थाशी अभिक्रिया केली की पाणी बाहेर पडते आणि नायट्रोजनच्या शेजारी एक ऑक्सिजन येऊन बसतो. दोघे मिळून तांबे धरतात, सहा अणूंचे कडे होते. नांगी पुरी झाली! तुमच्या विषयातला ‘बदल’ मुलांना इथे दाखवता येईल.

एक वाक्य मात्र जपून वापरा : ‘पकड घट्ट, म्हणून उष्णता जास्त सोसते.’ कायटोसानची साखळी साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास मोडते. धातू आला की पुष्कळदा ती त्याआधीच मोडू लागते, कारण साखळ्यांना एकत्र धरणारे हायड्रोजन बंध विस्कटतात. तापवून झाल्यावर शेवटी जास्त वजन उरते ते बऱ्याच अंशी धातूच्या ऑक्साइडचे. म्हणून ‘औष्णिक स्थैर्य’ हा शब्द मोडायला सुरुवात होते त्या तापमानासाठी ठेवावा, उरलेल्या वजनासाठी नव्हे.

प्रतिशब्द म्हणून मी ‘नांगीबंध’ सुचवतो. शब्द माझाच आहे, कोशात शोधू नका. क्रियापद हवे तर ‘नांगीत धरणे’. मूळ उच्चार ‘कीलेशन’, कायटिनमधल्यासारखाच ‘क’चा. पण खतांच्या दुकानात ‘चिलेटेड झिंक’ मागणाऱ्या शेतकऱ्याला दुरुस्त करायला जाऊ नये, तो शब्द आता आपला झाला आहे. पहिल्यांदा ‘नांगीबंध, म्हणजे चिलेशन’ असे म्हणा, पुढे नुसते नांगीबंध.