डार्क कॉमेडीची ‘अंमलबजावणी’

‘‘ब्लॅकमेल’ (२०१८) ही डार्क कॉमेडी असून तिची संकल्पना मजबूत, पण अंमलबजावणी कमकुवत आहे’, हे वाक्य मराठीत चालेल का, असा प्रश्न आहे. (डार्क कॉमेडी म्हणजे मृत्यू, गुन्हा अशा गंभीर विषयांतून विनोद काढणारी कलाकृती.)

व्याकरणाच्या दृष्टीने वाक्य निर्दोष आहे. खटकतो तो ‘अंमलबजावणी’ हा शब्द. अंमलबजावणी कायद्याची, आदेशाची किंवा योजनेची होते, म्हणजे जे आधीच ठरलेले आहे आणि आता केवळ पार पाडायचे आहे, त्याची. चित्रपटाची कल्पना अशी ठरून बसलेली नसते. अभिनय देव दिग्दर्शित या चित्रपटात पत्नीचे विवाहबाह्य संबंध समजलेला नवरा तिच्या प्रियकराकडून निनावीपणे पैसे उकळू लागतो, प्रियकर उलट तिलाच निनावी धमकी देतो आणि ती बिचारी पैशांसाठी नवऱ्यापुढेच हात पसरते. एवढ्या कथाबीजावर उत्तम चित्रपट उभा राहू शकतो. परंतु पुढे धमकावणारी माणसे वाढत जातात आणि प्रत्येक वेळी जवळजवळ तोच डाव नव्याने मांडला जातो. हा दोष पटकथेचा आहे, म्हणून येथे ‘मांडणी’ हा शब्द नेमका बसतो. प्रसंगांचा वेग आणि सूर बिघडला असेल, तर दिग्दर्शकाची ‘हाताळणी’ सैल आहे, असे म्हणावे. इरफान खान यांचा संयत अभिनय मात्र यातून वेगळा काढावा लागतो, आणि ‘अंमलबजावणी कमकुवत’ म्हणताच त्यांच्यावरही विनाकारण ठपका येतो.

‘संकल्पना’ चुकीची नाही, मात्र सरकारी पत्रकांनी ती फार झिजवली आहे. मी ‘कथाबीज’ किंवा साधे ‘कल्पना’ लिहीन. ‘मजबूत’ हे विशेषण दोरखंडाला आणि इमारतीला अधिक शोभते. कल्पनेला ‘दमदार’ किंवा ‘सकस’ म्हणावे.

‘डार्क कॉमेडी’ला ‘काळा विनोद’ म्हणता येते. फ्रेंच लेखक आंद्रे ब्रेतों यांच्या १९४० सालच्या संकलनाच्या शीर्षकातील फ्रेंच शब्दप्रयोगाचाही अर्थ तोच आहे. मात्र ‘काळा विनोद’ हा विनोदाचा प्रकार झाला, चित्रपटाचा नव्हे. ‘हा चित्रपट काळा विनोद आहे’ असे लिहिल्यास चित्रपटाचीच थट्टा केल्यासारखे वाटते. ‘कृष्णविनोद’ हा शब्द पाहून काहींना गोकुळ आठवेल. त्यामुळे चित्रपटाबद्दल लिहिताना ‘डार्क कॉमेडी’ हेच रुळलेले शब्द ठेवण्यास माझी हरकत नाही.

मूळ वाक्य मी असे लिहीन: ‘‘ब्लॅकमेल’ या डार्क कॉमेडीचे कथाबीज दमदार आहे, पण पटकथेत ते फुललेले नाही.’