‘वैयक्तिक कारणास्तव’ राजीनामा द्यायचा का?

प्रश्न : कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कास्टिंग आणि मशिनिंग कंपनीत मी सप्टेंबर २०१४ पासून कायम कामगार आहे. काम सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या मशिनच्या) ऑपरेटरचं, पण दोन वर्षांपूर्वी पदनाम ‘सेल लीडर’ केलं. कायम कामगार १६०च्या आसपास, शिवाय ठेकेदाराची पोरं. निम्म्याहून जास्त माल अमेरिकेला जायचा. टॅरिफ वाढलं, ऑर्डरी थांबल्या. १ सप्टेंबर २०२५ पासून आठवड्यातले तीन दिवस आम्हाला घरी बसवलं आणि त्या दिवसांचा अर्धा पगार दिला. जानेवारीत एचआरने आम्हा ४० जणांना एकेक करून आत बोलावलं. समोर टाईप केलेला राजीनामा, कारण ‘वैयक्तिक’, आणि सोबत दीड लाखाचा चेक. “सही करा, नाहीतर हेही मिळणार नाही,” असं सांगितलं. बऱ्याच जणांनी केली. मी आठ दिवस मागून घेतलेत. माझ्यामागून २०१९ला लागलेला ऑपरेटर मात्र कामावर आहे. युनियन नाही. बेसिक आणि डीए मिळून १५,६००, एकूण पगार २४,०००. पतसंस्थेचं कर्ज आहे. अमेरिकेने घेतलेल्या निर्णयावर इथला कायदा काय करणार?

उत्तर : सही करू नका. बाकीचं सगळं त्यानंतर.

अमेरिकेच्या निर्णयावर इथला कायदा काहीच करू शकत नाही, हे तुमचं म्हणणं खरं आहे. ऑगस्ट २०२५मध्ये भारतीय मालावरचा जादा आयातकर आधी २५ आणि महिनाअखेरीस एकूण ५० टक्क्यांवर गेला. पोलाद आणि वाहनांच्या सुट्या भागांना त्याआधीच वेगळे दर लागले होते. नंतर त्यात बदल होत राहिले, पण गेलेली ऑर्डर लगेच परत येत नाही. कंपनी ऑर्डरींबद्दल खोटं बोलतेय असं मी धरून चालत नाही. ऑर्डर नाही म्हणून माणसं कमी करायचा मालकाला अधिकार आहे. मात्र तो कसा वापरायचा आणि त्याचे किती पैसे मोजायचे, हे इथल्या कायद्यात लिहिलेलं आहे. टॅरिफचं नाव सांगून ते पैसे चुकवता येत नाहीत.

आता राजीनाम्यावर माझा एवढा जोर का, ते सांगतो. कायद्यात ‘कामगार कपात’ म्हणजे शिस्तभंगाची शिक्षा सोडून मालकाने कोणत्याही कारणाने नोकरी संपवणं. स्वतःहून सोडलेली नोकरी त्यात धरत नाहीत. म्हणजे त्या कागदावर सही झाली की कागदोपत्री कपात झालीच नाही. मग नोटीस नाही, नुकसानभरपाई नाही, कनिष्ठाला आधी काढायचा नियम नाही, पुन्हा भरती झाली तर तुम्हाला बोलवायचं बंधन नाही. एचआरने ‘वैयक्तिक’ हा शब्द उगाच टाईप केलेला नाही.

दीड लाख म्हणजे किती, तेही पाहू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. तिच्याप्रमाणे कपात करायची तर कारण लिहून एक महिन्याची नोटीस द्यावी लागते किंवा तेवढा पगार : १५,६००. सेवेच्या दर वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार : ७,८०० गुणिले ११, म्हणजे ८५,८००. ग्रॅच्युइटी वेगळी, ती १५,६०० भागिले २६ गुणिले १५ गुणिले ११ : ९९,०००. शिवाय नव्या संहितेने एक पुनर्कौशल्य निधी आणलाय. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने १५ दिवसांचा शेवटचा पगार त्यात भरायचा आणि तो ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचा. ते ७,८००. बेरीज झाली २,०८,२००. शिल्लक रजा, बोनस आणि चालू महिन्याचा पगार यात धरलेला नाही. पीएफ तर तुमचाच आहे, तो या हिशेबात कुणी घालत असेल तर सरळ नाही म्हणा.

थोडक्यात, ‘दीड लाख देतोय’ म्हणताना त्यातले ९९ हजार ग्रॅच्युइटीचे आहेत. ते तुम्ही खरोखर राजीनामा दिलात तरी द्यावेच लागतात. मग अकरा वर्षांची भरपाई म्हणून हातात पडणार ५१ हजार. या आकड्यांत एक मेख आहे. गेले काही महिने तुम्ही अर्धे दिवस घरी होतात, त्यामुळे कंपनी कमी झालेल्या पगारावर सरासरी काढू पाहील. ते मान्य करू नका. पूर्ण पगाराच्या स्लिपा जोडा. बेसिक-डीएशिवाय ‘स्पेशल अलाउन्स’सारखं काही स्लिपवर असेल तर तेही दाखवा. घरभाडं आणि प्रवासभत्ता वगळता येतो, पण प्रत्येक भत्ता तसा वगळता येत नाही, आणि मग वरचे सगळे आकडे वाढतात.

पुढचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण पत्रातल्या तारखेमुळे तो सुटू देता येत नाही. तुम्हाला १ सप्टेंबरपासून घरी बसवलं. तेव्हा जुना कायदा चालू होता, आणि त्यात १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला ले-ऑफ (काम नाही म्हणून कामगाराला तात्पुरतं घरी बसवणं) द्यायला सरकारची आधी परवानगी लागत होती. वीज गेली किंवा नैसर्गिक आपत्ती आली तर सूट होती, ऑर्डर नाही या कारणाला नव्हती. विनापरवानगी ले-ऑफ बेकायदा आणि कामगार पूर्ण पगाराला पात्र, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. नव्या संहितेने ही मर्यादा ३०० वर नेली. तुम्ही १६० जण, म्हणजे २१ नोव्हेंबरपासून परवानगीची अट तुमच्या कंपनीला उरली नाही आणि अर्धा पगार पुरतो. पण १ सप्टेंबर ते २० नोव्हेंबरमधल्या ले-ऑफच्या दिवसांचा उरलेला अर्धा पगार, परवानगी घेतली नसेल तर, तुमचा निघतो. परवानगी घेतली होती का, हे लेखी विचारा. घेतली असती तर आदेशाची प्रत सूचनाफलकावर दिसली असती, असा माझा अंदाज.

ही १०० ची ३०० झालेली मर्यादा मला स्वतःला पटत नाही. कोल्हापूरच्या फाउंड्री पट्ट्यात ३०० कायम कामगार मस्टरवर असलेले कारखाने बोटावर मोजावेत. बाकीच्यांना कपात करताना किंवा टाळं लावताना आता सरकारचं दार वाजवावं लागत नाही. पण कायदा आहे तसा वाचायचा, आणि परवानगी गेली म्हणून भरपाई गेलेली नाही. गल्लत नेमकी इथेच केली जाते. “नवीन कायद्यात आता काही द्यावं लागत नाही,” असं तुम्हालाही कुणी सांगितलं असेल.

२०१९ला लागलेला ऑपरेटर कामावर आणि तुम्ही बाहेर, हा तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा आहे. एकाच प्रकारच्या कामातला जो शेवटी लागला तो आधी जाणार, हा नियम जुन्या कायद्यात होता आणि संहितेतही आहे. तो मोडायचा तर मालकाने कारणं लिहून ठेवावी लागतात. या नियमावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१०चा निकाल आहे, हरजिंदरसिंग विरुद्ध पंजाब राज्य वखार महामंडळ. हरजिंदरसिंगना काढलं आणि त्यांच्याहून कनिष्ठ माणसं ठेवली. कामगार न्यायालयाने त्यांना अर्ध्या थकीत पगारासह कामावर घ्यायला सांगितलं. उच्च न्यायालयाने ते बदलून ८७,५८२ रुपये भरपाईवर प्रकरण मिटवलं. सर्वोच्च न्यायालयाने मूळ निवाडा पुन्हा कायम केला, आणि जागतिकीकरण-उदारीकरणाच्या मंत्रांनी न्यायप्रक्रियेचाच ताबा घेतल्यासारखं वाटतंय, अशी नाराजी त्या निकालात नोंदवली. तुमच्या वकिलाला हा निकाल नक्की वाचायला सांगा.

उलट बाजूचाही एक निकाल सांगतो, म्हणजे अवाजवी आशा राहणार नाही. एक्सेल वेअर ही मुंबईतली कपडे निर्यात करणारी फर्म होती, सुमारे ४०० कामगारांची. तिला बंद करायची परवानगी सरकारने नाकारली. १९७८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वेळचं परवानगीचं कलमच रद्द केलं. धंदा चालवायच्या हक्कातच तो बंद करायचा हक्क आहे, असा त्याचा गाभा. पुढे कलम दुरुस्त होऊन आलं आणि २००२मध्ये टिकलंही, पण कोर्ट तोट्यातला कारखाना जबरदस्तीने चालू ठेवायला लावेल अशा भरवशावर कुणी घर चालवू नये.

‘सेल लीडर’ पदाची भीती घालून तुम्ही कामगारच नाही, असं म्हणतील. पर्यवेक्षकाचं वेतन १८ हजारांच्या वर असेल तर तो कामगार ठरत नाही, हे खरं. पण पदनामाने काही ठरत नाही, रोज काय काम करता त्यावर ठरतं. मशिनवर जॉब लावता, इन्सर्ट बदलता, शिफ्टचं उत्पादन तुमच्या नावावर लिहिलं जातं; रजा तुम्ही मंजूर करत नाही, कुणाला मेमो देत नाही. शिफ्ट रिपोर्टवर तुमची ऑपरेटर म्हणून सही असेल तर त्याचे फोटो आजच काढून ठेवा. उद्या गेटमधून आत सोडतीलच असं नाही.

ठेकेदाराची पोरं तुमच्याच मशिनवर उभी केली असतील तर तेही लिहून ठेवा. मुख्य उत्पादनाच्या कामात ठेका कामगार लावायला चारपैकी व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत बंदी आहे, मात्र अपवाद इतके आहेत की केवळ त्या मुद्द्यावर केस उभी करू नका. काम संपलं हे कंपनीचं म्हणणं खोडायला तो पुरावा कामाला येईल.

करायचं काय? एचआरला एक पानाचं पत्र द्या. मी राजीनामा दिलेला नाही, देणार नाही, कामावर यायला तयार आहे. कपात करायची असल्यास कायद्याप्रमाणे लेखी नोटीस, भरपाई आणि माझ्या गटाची सेवाज्येष्ठता यादी द्यावी. सप्टेंबर-नोव्हेंबरचा राहिलेला अर्धा पगार द्यावा. स्वीकारल्याचा शिक्का मागा. नाही मिळाला तर पोचपावतीसह स्पीड पोस्ट करा. रजिस्टर पोस्ट २०२५मध्ये त्यातच विलीन झालंय. एक प्रत कोल्हापूरच्या सहायक कामगार आयुक्तांना.

त्यानंतर गेटवर अडवलं तर कामगार आयुक्तालयात समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करा. युनियन नसली तरी एकट्या कामगाराला तो करता येतो. ४५ दिवसांत मिटलं नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं, आणि नवी न्यायाधिकरणं उभी राहीपर्यंत आताचीच कामगार न्यायालयं काम पाहतात. मुदत आता दोन वर्षांची आहे. जुन्या कायद्यात तीन होती, त्या हिशेबात राहू नका. आणि उरलेल्यांनी मिळून गेटबंद आंदोलन किंवा एकाच दिवशी सामूहिक रजा टाकायचा विचार असेल तर थांबा. संपाला १४ दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या किंवा जास्त कामगारांनी एकदम रजा टाकली तर तोही संपच धरला जातो.

ज्यांनी सही केली त्यांचं सगळं संपलेलं नाही. चाळीस माणसांना एकाच आठवड्यात, एकाच मजकुरात वैयक्तिक कारण सापडतं, हे कोणत्याही न्यायाधीशाला विचार करायला लावेल. मात्र त्यांनी सही दबावाखाली घेतल्याचं पत्र याच आठवड्यात पाठवायला हवं. सहा महिन्यांनी आठवलं तर कोण मानणार? तुमच्या पतसंस्थेच्या कर्जाला त्यांच्यापैकी कुणी जामीन असेल तर दोघांनी मिळून संस्थेकडे हप्ते पुनर्रचनेचा अर्ज करा.

एक शेवटचं. तुम्ही सही नाकारल्यावर कंपनी दीड लाख परस्पर तुमच्या पगारखात्यात जमा करून मोकळी होऊ शकते. घाबरून ते परत पाठवू नका, खर्चायलाही हरकत नाही. फक्त त्याच दिवशी ईमेल आणि स्पीड पोस्टने कळवा : ‘जमा रक्कम माझे सर्व हक्क राखून, देण्यापैकी अंशतः रक्कम म्हणून स्वीकारत आहे. हा अंतिम हिशेब मला मान्य नाही.’ ‘फुल अँड फायनल’ लिहिलेल्या कोणत्याही पावतीवर सही नको, ती कोऱ्या पानाच्या तळाशी मागितली तर मुळीच नको.