कामावर कंबर धरते, पट्टा घेऊ का?

प्रश्न : मॅडम, माझं वय ३४, शिरोली एमआयडीसीत मशीनशॉपला ऑपरेटर आहे. कास्टिंग एकेक १८ किलोचं, खाली ठेवलेल्या क्रेटमधून उचलायचं, मशीनवर चढवायचं, झालं की उतरवून दुसऱ्या क्रेटमध्ये टाकायचं. शिफ्टला दीडशे जॉब तरी होतात. दोन महिन्यांत तीनदा कंबर धरली, परवा तर सकाळी बूट घालायला वाकलो तो तसाच अडकलो. एक्सरे बघून मणक्यात गॅप आलाय म्हणाले. मित्र म्हणतो पट्टा बांध, बायको म्हणते पंधरा दिवस आडवे पडा, आई म्हणते कामच सोड. पोरगी दुसरीत आहे, काम सोडून कसं चालंल? लग्नाआधी तालमीत जायचो, आता सगळं बंद आहे.
— एक वाचक, शिरोली पुलाची

उत्तर : दादा, काम सोडायचं नाही आणि पंधरा दिवस आडवंही पडायचं नाही, हे पहिलं सांगते म्हणजे तुमचा जीव भांड्यात पडेल.

तुमचे आकडे घेऊन मी हिशोब मांडला. १८ किलो, दीडशे जॉब, प्रत्येक जॉब दोनदा हातात, म्हणजे शिफ्टला ५,४०० किलो. उसाची अर्धी ट्रॉली एकट्यानं उतरवल्यागत झालं हे, आणि तेही रोज. पण खरं दुखणं नुसत्या वजनात नाहीये, ते वजन कुठून उचलताय त्यात आहे. जॉब पोटाजवळ धरला तर पाठीला कमी जोर लावावा लागतो, तोच जॉब हातभर पुढं धरला की पाठीच्या स्नायूंना त्याच्या कितीतरी पट जोर लावावा लागतो, कारण ते स्नायू मणक्याच्या मागं जेमतेम ५ सेंटीमीटरवर आहेत आणि जॉब पुढं ५० सेंटीमीटरवर. दहापट झालं की नाही? वर तुमचं स्वतःचं वाकलेलं धड आहेच.

अमेरिकेत निऑश म्हणून कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी सरकारी संस्था आहे, त्यांचं उचलण्याचं एक गणित जगभर वापरतात. सगळं अगदी सोयीचं असेल, म्हणजे वस्तू अंगाजवळ, साधारण अडीच फूट उंचीवर, पीळ नाही, घाई नाही, तर २३ किलो. तीच वस्तू जमिनीवरून आणि ५० सेंटीमीटर लांबून उचलायची म्हटलं की मर्यादा ९ किलोच्याही खाली येते! आणि तुम्ही १८ उचलताय, दीडशे वेळा.

आता सगळे सांगतात गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा. तुम्ही तालमीत बैठका मारल्यात, तुम्हाला ते शिकवायची गरजच नाही. पण क्रेटच्या तळातला जॉब काढताना बैठक मारायची कशी, मधे क्रेटची भिंत येते, गुडघे पुढं जात नाहीत, मग माणूस वरूनच ओणवा होतो आणि हात लांब करतो. म्हणून मला नुसती उचलायची पद्धत शिकवून भागतं असं वाटत नाही, नुसत्या ट्रेनिंगनं पाठदुखी थांबत नाही हे अभ्यासांतही वारंवार दिसलंय. माणसाला खाली वाकवण्यापेक्षा माल वर आणायचा.

उद्यमनगरात एका छोट्या वर्कशॉपमध्ये मी हे डोळ्यांनी बघितलंय. भंगारात पडलेले अँगल वेल्डिंग करून अडीच फुटी स्टँड केला, क्रेट त्याच्यावर, आणि क्रेटची पुढची बाजू कापून तिला बिजागरी लावून ट्रॉलीसारखा फाळका केला. वरचे जॉब संपले की फाळका पाडायचा, तळातला जॉब सरकवत कडेला आणायचा, पोटाशी धरायचा आणि उचलायचा. एका दुपारचं काम होतं. तुमच्या सुपरवायझरना हा कागद दाखवा, कारण पोरं कंबर धरून घरी बसली तर प्रॉडक्शन त्यांचंही थांबतंय. दुसरा क्रेट कुठं आहे तेही बघा, तुमच्या पाठीमागं असेल तर तुम्ही पाय न हलवता कमरेत वळत असणार. दोन पावलं लांब ठेवा म्हणजे आपोआप पाय फिरतील.

सकाळी बूट घालताना अडकलात त्यालाही कारण आहे. मणक्यांमधली गादी रात्रभर पाणी शोषून फुगलेली असते, उठल्यावर पहिला तासभर वाकण्याचा ताण तिच्यावर जास्त पडतो. तेव्हा बूट खुर्चीवर बसून, पाय वर घेऊन घाला, आणि पहिल्या शिफ्टला गेल्यागेल्या जड उचलायच्या आधी जरा चालून घ्या.

पट्ट्याचं विचारलंत. कंबर धरलेल्या दोन-चार दिवसांत आधार वाटत असेल तर बांधा, पण पट्ट्यानं पुढची पाठदुखी टळते असा पुरावा नाही. आणि त्या गॅपला घाबरू नका हो! काहीही दुखत नसलेल्या लोकांचे एमआरआय तपासले तेव्हा विशीतल्या शंभरातल्या ३७ जणांच्या गादीत झीज दिसली होती. फोटोतली झीज म्हणजे दुखणं नव्हे.

तालीम मात्र परत सुरू करा. पाठदुखी परत येऊ नये म्हणून ज्याचा खरंच उपयोग दिसलाय तो व्यायाम. लगेच जोर नकोत. आधी रोज अर्धा तास चालणं, मग पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलणं, दुखणं उतरलं की अर्ध्या बैठका.

एक मात्र लक्षात ठेवा, लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागेला बधिरपणा आला, किंवा पाऊल उचलेना झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, सकाळ होईपर्यंत थांबू नका. ताप, पडल्याचा मार, उगीच घटत चाललेलं वजन यांच्यासोबत पाठ दुखत असेल तरी डॉक्टरांना दाखवाच.

प्रश्न : मी घरी चपलांच्या वेण्या घालते, दिवसाचे सहा-सात तास खाली मांडी घालून बसते. संध्याकाळी उठताना कंबर सरळच होत नाही. खुर्चीवर बसून हे काम जमत नाही.
— एक वाचक, सुभाषनगर

उत्तर : ताई, खुर्ची नकोच. बुडाखाली चार-पाच इंच उंच पाट किंवा घट्ट घडी केलेली गोधडी घ्या, म्हणजे गुडघे कमरेच्या खाली येतील आणि पाठीचा बाक कमी होईल. वेणी मांडीवर न घेता समोर छोटा चौरंग मांडून त्यावर घ्या, मान आपोआप वर येईल. आणि अर्ध्या तासानं उठायचंच, उठल्यावर कमरेवर हात ठेवून मागं दोन-तीनदा झुकायचं. घड्याळ बघायचं लक्षात राहत नसेल तर चामडं लांब ठेवा, एका जोडीपुरतंच जवळ घ्या, ती संपली की आणायला उठा.