जपानमध्ये नोकरीच्या मुलाखतीला जाताना कोणते शिष्टाचार पाळावे लागतात?

दार किती वेळा वाजवावे आणि किती अंशांत वाकावे, असे आपण विचारले आहे, म्हणून तेवढे आधी सांगून टाकतो. दार तीन वेळा वाजवावे, आतून ‘दोझो’ (या) असे ऐकू आल्यावर ‘शित्सुरेई शिमासु’ (आत येण्याची क्षमा असावी) म्हणून आत जावे, खुर्चीशेजारी उभे राहून नाव सांगावे आणि बसा म्हटल्याखेरीज बसू नये. ओव्हरकोट इमारतीत शिरण्यापूर्वीच काढून हातावर घ्यावा. बॅग मांडीवर किंवा टेबलावर न ठेवता खुर्चीलगत जमिनीवर ठेवायची असते, तेव्हा न कलंडता उभी राहणारी बॅग घ्या. वाकण्याचे १५, ३० आणि ४५ असे अंश पुस्तकांत दिलेले असतात. मुलाखतीत ३० चालतात, पण परदेशी उमेदवाराचा कोन कोणी मोजत नाही. पुण्यात मी जपानी शिकलो तिथे या कवायतीवर तासच्या तास जात, आणि तो वेळ मला तेव्हाही फुकट वाटत असे.

मुलाखतीचा शिष्टाचार म्हटले की आपण तो फक्त उमेदवाराला शिकवतो. टेबलापलीकडे बसलेल्या माणसाने कसे वागावे, हे त्याच्या मर्जीवर सोडलेले असते. जपानमध्ये ते सरकारने लिहून ठेवले आहे, आणि तुमच्या प्रश्नाचे मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे उत्तर हेच आहे.

मी मराठवाड्यातला, मेकॅनिकल डिप्लोमा केलेला. माझे आडनाव गावावरून पडलेले असल्यामुळे त्यातून जात कळत नाही, आणि म्हणूनच ते ऐकणाऱ्यांना चैन पडत नाही. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी मुलाखतीची तयारी करून घेणाऱ्या सरांनी ‘तुमचे आदर्श कोण?’ या प्रश्नाला डॉ. कलाम असे उत्तर सर्वांनाच सुचवले होते, आणि मला बाजूला घेऊन ‘तुझ्या मनात जे नाव आहे, ते तिथे घेऊ नकोस’ असे वर सांगितले होते. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पुण्याजवळच्या एका कारखान्यातल्या मुलाखतीत मी सांगितल्याप्रमाणे कलामांचे नाव घेतलेही, पण त्यावर कोणाचे समाधान झाले नाही. मूळचा कुठला, वडील काय करतात, घर गावात की गावाबाहेर, असे एकेक विचारत ते गावात कोणत्या बाजूला, इथपर्यंत आले. मी बाजू सांगितली. त्यानंतर मशीनविषयी एकही प्रश्न आला नाही आणि ‘कळवतो’ म्हणून त्यांनी मला मोकळे केले. माझ्याच खोलीवर राहणारा मित्र त्याच ठिकाणी निवडला गेला. तो आजतागायत म्हणतो की ती आपुलकीची चौकशी होती, आपल्याकडे माणसे अशीच बोलतात, आणि मी उगाच मनाला लावून घेतले. त्याला गावातली बाजू का विचारली नाही, याचे उत्तर मात्र त्याच्याकडे नाही, कारण त्याच्या आडनावावरूनच सारे कळत होते.

पुढे जपानमधल्या नागोया शहरातल्या मुलाखतीत माझ्यासमोर निवृत्तीला आलेले विभागप्रमुख, एक तरुण अभियंता आणि मनुष्यबळ विभागातील एक बाई होत्या. गिअरबॉक्सच्या आवाजाची चाचणी मी कशी घेत असे, यावर बराच वेळ मनासारखे बोलणे झाले, आणि मग विभागप्रमुखांनी सहज विचारले की तुम्हाला आदरणीय वाटणारी व्यक्ती कोण? या वेळी कलामांचे नाव घ्यायचे नाही, असे मी घरूनच ठरवून गेलो होतो. बाबासाहेब आंबेडकर कोण होते आणि त्यांनी काय केले, हे चार जपानी वाक्यांत घोटून ठेवले होते. मी तोंड उघडण्याआधीच त्या बाईंनी मला सांगितले की या प्रश्नाचे उत्तर देण्याची आवश्यकता नाही. मग विभागप्रमुखांकडे वळून त्या हळू आवाजात काही बोलल्या, त्यांनी माझी माफी मागितली आणि पुन्हा बेअरिंगचा विषय काढला. मला त्या बाईंचा रागच आला होता, कारण आयुष्यात प्रथमच ते नाव मुलाखतीत घ्यायचा माझा निश्चय झाला होता.

पुढे मी स्वतः मुलाखती घेऊ लागलो, तेव्हा कंपनीने माझ्या हातात एक कागद दिला. तिथल्या श्रम मंत्रालयाने उमेदवाराची क्षमता आणि कामाशी संबंध नसलेल्या १४ बाबी सांगितल्या आहेत, ज्या विचारू किंवा तपासू नयेत. जन्मस्थान आणि मूळ नोंदणीचे गाव, कुटुंब, राहत्या घराची स्थिती, घरचे वातावरण, धर्म, राजकीय पक्ष, कामगार संघटना, वाचत असलेले वर्तमानपत्र आणि आदरणीय वाटणारी व्यक्तीसुद्धा त्यांत आहे. आपल्याकडे ज्या प्रश्नांनी मुलाखत ‘खेळीमेळीची’ होते, ते जवळजवळ सगळे या यादीत सापडतील.

ही यादी जपानी माणसाच्या उपजत सभ्यतेतून आलेली नाही. चामड्याचे आणि मेलेल्या जनावरांचे काम करणाऱ्या जातींना तिथेही गावाबाहेर राहावे लागे. १८७१ मध्ये हुकमाने त्यांचा हीन दर्जा रद्द झाला, पण त्यांच्या वस्त्या, ज्यांना बुराकू म्हणतात, सर्वांना माहीत राहिल्या, आणि कुटुंबाच्या सरकारी नोंदवहीत मूळ गाव लिहिलेले असल्यामुळे माणूस टोकियोला गेला तरी वस्ती त्याच्या मागे येत असे. १९७५ मध्ये अशा वस्त्यांच्या नावांच्या याद्या छापून कंपन्यांना चोरून विकल्या जात असल्याचे उघडकीस आले. त्या विकत घेणाऱ्यांत २०० हून अधिक कंपन्या होत्या आणि त्यांत नामांकितही होत्या. बुराकू मुक्ती चळवळीने या कंपन्यांना जाब विचारला. ती नोंदवही कोणीही उघडून पाहण्याची मुभा १९७६ मध्ये बंद झाली आणि १९७७ पासून मोठ्या आस्थापनांत न्याय्य निवडीसाठी जबाबदार माणूस नेमण्याची पद्धत आली. शाळेतून थेट नोकरीला लागणाऱ्या मुलांसाठी घरची माहिती न मागणारा एकच अर्ज देशभर १९७३ मध्येच लागू झाला होता. तुम्हाला भरावा लागणारा रिरेकिशो, म्हणजे फोटो लावलेला परिचयपत्राचा ठरावीक नमुना, याचीही अशीच छाटणी होत आली आहे. मंत्रालयाच्या २०२१ च्या नमुन्यात वैवाहिक स्थिती आणि अवलंबितांची संख्या हे रकाने नाहीत, आणि लिंगाचा रकाना कोरा ठेवता येतो. दुकानात अजून जुना नमुना मिळाला, तर तो घेऊ नका.

आपल्याकडे राज्यघटनेच्या १६ व्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत भेदभावाला मनाई केली आहे, पण खासगी कंपनीच्या बंद दाराआड काय विचारले जाते, ते कोणी पाहत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल या अभ्यासकांनी सारख्या पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी खासगी कंपन्यांना पाठवून पाहिले. त्यांचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. दलित नावाला बोलावणे येण्याचे प्रमाण सवर्ण नावापेक्षा कमी भरले आणि मुस्लिम नावाला त्याहूनही कमी. त्याच वर्षी सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन या समाजशास्त्रज्ञांनी दिल्ली परिसरातील मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून लिहिले की ‘घरची पार्श्वभूमी’ जवळजवळ सगळेच विचारतात आणि ती गुणवत्तेचाच भाग समजतात. माझ्या मित्राची आपुलकी ती हीच.

आता जपानविषयी फार भाबडेपणाही नको. लहान कंपन्यांत आणि जुन्या लोकांकडून कुटुंबाची चौकशी अजून होते, स्त्री उमेदवाराला लग्नाबद्दल आडून विचारणारेही भेटतात. परदेशी माणसाला ‘जपानच का’ आणि ‘किती वर्षे राहणार’ हे हमखास विचारतात. व्हिसाची माहिती तर त्यांना लागतेच, ती यादीत धरू नका. शिवाय माझा अनुभव वाहन उद्योगातला आणि आधी नोकरी केलेल्या उमेदवाराचा आहे. तिथल्या विद्यापीठातून थेट भरती होणाऱ्यांचे काळे सूट आणि ठरलेले हंगाम हे निराळे जग आहे. यादीतला एखादा प्रश्न आलाच, तर हसून ‘कामाच्या अनुभवाबद्दल सांगू का?’ असे विचारा. समजणारा समजतो, आणि न समजणारा साहेब म्हणून कसा निघेल याचाही अंदाज येतो.

माझा तो मित्र आता पुण्यात एका कंपनीत भरतीचे काम पाहतो. मी त्याला या यादीचे इंग्रजी भाषांतर पाठवले, तेव्हा त्याने उत्तर दिले की आमच्याकडे असले काही होत नाही. त्याच्या कंपनीच्या छापील अर्जात तिसऱ्या ओळीत ‘वडिलांचा व्यवसाय’ असा रकाना आहे. तो कोणत्या कामासाठी लागतो, हे मी त्याला दर दिवाळीत विचारतो, आणि तो सांगतो की फॉर्म जुना आहे.