पत्रपेटीवर आधी नाव चिकटव

अगं,

काल रात्री तुझा मेसेज वाचला आणि मग झोपच लागली नाही. "ताई, सगळं छान आहे, पण इथे कोणी बोलतच नाही" एवढंच लिहिलंयस, पण त्यातल्या 'पण'मध्ये काय काय आहे ते मला कळतं गं, २०११ मध्ये पुण्याहून इथे जर्मनीत श्टुटगार्टला आले तेव्हा मीही आईला रोज सगळं छान आहे असंच सांगायचे आणि फोन ठेवला की रडायचे. म्हणून जरा सविस्तर लिहितेय, निवांत वाच.

आधी कागदपत्रं, ती झाली की निम्मी धाकधूक जाते. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी करायची असते. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा फॉर्म लागतो, तो आजच माग, आणि अपॉइंटमेंट पण आजच शोध कारण पटकन मिळत नाही. पण त्याच्याही आधी खाली पत्रपेटीवर आणि बेलवर तुझं आडनाव चिकटव. आपल्यासारखा फ्लॅट नंबर पत्त्यात नसतो इथे, पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो, नाव नसलं की पत्र परत. आणि इथे महत्त्वाचं सगळं पत्रानेच येतं, तुझा ११ आकडी टॅक्स आयडीसुद्धा. तो ऑफिसला वेळेत मिळाला नाही तर पगारातून सहाव्या टॅक्स क्लासने कापू शकतात, म्हणजे सगळ्यात जास्त. नंतर ॲडजस्ट होतं, पण भाडं आणि डिपॉझिट भरून झाल्यावर पहिल्याच महिन्यात हातात कमी पैसे आले की जीव घाबरतो.

आणि प्रत्येक पत्र उघड. मी नव्हती उघडली. जर्मन वाचता यायचं नाही, एक गठ्ठा ड्रॉवरमध्ये टाकला आणि भीतीने वर्षभर बघितलाच नाही, त्यात रेडिओ-टीव्हीच्या फीची पत्रं होती. घरात टीव्ही नसला तरी प्रत्येक घराला ही फी भरावी लागते, आता महिन्याला १८.३६ युरो आहे, आणि मला एकदम थकबाकी प्लस दंड भरावा लागला. तू शेअरिंगमध्ये आहेस ना, मग घराला एकच फी असते, तुझ्या फ्लॅटमेट्सना विचार कोण भरतंय.

विचार, हेच खरं तर सांगायचंय तुला. इथले लोक आपणहून विचारत नाहीत, तुझ्या आयुष्यात डोकावणं त्यांना उद्धटपणा वाटतो, आपल्याला तोच परकेपणा वाटतो. पण आपण विचारलं ना की हातातलं काम ठेवून सांगतात. माझ्या दारावर एकदा पाटी लटकलेली दिसली, केअरवोखं लिहिलेली. हे आपल्या श्वाबन भागातलं, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासचं, ज्याच्या दारावर पाटी त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा आणि मग पाटी शेजारच्या दारावर लावायची. मला माहीतच नव्हतं, तीन आठवडे पाटी तिथेच राहिली आणि शेजारच्या आजी माझ्याशी बोलेनाशा झाल्या. शेवटी मीच त्यांची बेल वाजवली, मोडक्या जर्मनमध्ये विचारलं हे काय असतं, तर त्या बादली घेऊन आल्या आणि माझ्याबरोबर अख्खा जिना पुसला. नंतर माझ्या पहिल्या बाळंतपणात सूप करून आणणाऱ्या त्याच.

ऑफिसमध्येही हेच. आपण "बघते", "होऊन जाईल" म्हणतो तेव्हा मनात "नाही" असतं, पण समोरचा ते हो धरून चालतो. शुक्रवारी जमणार नसेल तर बुधवारीच सांग, कोणी रागवत नाही, शुक्रवारी सांगितलंस तर विश्वास जातो आणि तो परत मिळवायला महिने लागतात. कोणी तुझ्या डिझाइनबद्दल सगळ्यांसमोर "हे चूक आहे" म्हटलं तर ते डिझाइनबद्दलच असतं, घरी नेऊन उगाळत बसू नकोस. प्रोबेशन साधारण सहा महिने असतं म्हणून आजारी असतानाही मी कामावर जायचे, तसं करू नकोस, सकाळी कळव आणि झोप. आणि दुपारी जेवायला डेस्कवर बसू नकोस, कॅन्टीनच्या वाटेवर जो भेटेल त्याला "माल्त्साइट" म्हण, हा इथला जेवणाच्या वेळचा नमस्कार, तिथूनच बोलणं सुरू होतं.

जर्मन मात्र सोडू नकोस, ऑफिस इंग्लिशमध्ये चालत असलं तरी. ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांच्या परवान्यावर आहेस, तर जर्मनची बी१ ही मधली पातळी झाल्यावर २१ महिन्यांत परमनंट रेसिडेन्सला अप्लाय करता येतं, ए१ या पहिल्या पातळीवर थांबलीस तर २७. पण मला विचारशील तर कार्डासाठी नाही, जिन्यात भेटणाऱ्या आजींसाठी शीक.

डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो, तेव्हा घरची फार आठवण येईल. हिवाळ्यात आपलं घड्याळ साडेचार तास पुढे, तू संध्याकाळी सातला फोन केलास की आईचे साडेअकरा वाजलेले असतात आणि ती जागी राहते, बोलत नाही काही. सकाळी साडेसातला कर, तिकडे बारा वाजलेले असतात, तिचा स्वयंपाक झालेला असतो. आणि पोळ्यांसाठी सुपरमार्केटमधलं पीठ घेऊ नकोस, कडक होतात, इंडियन दुकानातला आटा घे.

शनिवारी घरी ये. आमटी-भात करते. न उघडलेली सगळी पत्रं पिशवीत घालून आण, जेवण झालं की एकेक करून वाचू.

तुझी,
ताई